सूचनापेटीला उत्तरही हवं

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मी सत्तावीस वर्षं मोल्डिंगचा, म्हणजे वाळूचे साचे करण्याचा विभाग सांभाळला. त्यातला एक जुलै महिना माझ्या मनातून जात नाही.

त्या महिन्यात एका कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागाला, सारखे ब्लो होल, म्हणजे हवेच्या पोकळ्या, यायला लागले. आम्ही वाळूतला ओलावा मोजला, धातू जास्त तापवून ओतला, साच्याला हवेची भोकं वाढवली. तरी मालाचा ढीग रिजेक्शनकडेच जात होता. तीन आठवडे असे गेले. मग एकदा चहाच्या सुट्टीत कोअर शॉपमधल्या, म्हणजे साच्याच्या आत बसवायचे वाळूचे गाभे (कोअर) जिथं करतात तिथल्या, एक मावशी माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, “साहेब, कोअर सादळाय लागल्यात. घरात पापड सादळत्यात की, तसंच. ते रॅक दारातनं हलवा.”

रॅक पश्चिमेच्या दाराशी होतं आणि पावसाचं वारं थेट त्यावर येत होतं. सोडियम सिलिकेटचा कोअर हवेतली ओल धरतो, वितळलेला धातू लागला की त्या ओलीची वाफ होते आणि कास्टिंगमध्ये पोकळी राहते. हे सगळं मी शिकलो होतो. रॅक भट्टीच्या बाजूला घेतलं आणि त्याच आठवड्यात माल सुधारला.

मावशींनी ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात पाळीच्या सुपरवायझरला सांगितली होती, हे मला नंतर कळलं. “तुम्ही तुमचं काम बघा,” असं उत्तर त्यांना मिळालं होतं. आमच्या सूचना योजनेचा फॉर्मही त्या भरू शकत नव्हत्या, कारण त्या कंत्राटी होत्या. महिन्याच्या बैठकीत ही सुधारणा माझ्या नावावर लागली आणि मी गप्प बसलो. ते चुकलंच.

कमी शिकलेल्या माणसाला यातलं काय कळतंय, असं आजही ऐकायला मिळतं. कोल्हापुरात तरी असं कुणी म्हणू नये. चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमारास याच गावात चित्रपटाचा देशी कॅमेरा बनवला. ते कुठल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून आले नव्हते.

सूचनापेटी बऱ्याच कारखान्यांत टांगलेली असते. चिठ्ठी पडते, पण तिचं पुढं काय झालं ते टाकणाऱ्याला कुणी सांगत नाही. मग तो दुसरी चिठ्ठी टाकत नाही. पैसे नाहीत, ग्राहकाची मंजुरी लागते, जागा नाही, अशी खरी कारणं असतात. ती तोंडावर सांगितली तर कामगार समजून घेतो, उलट पुढच्या वेळी जास्त नेमकं बोलतो. टोयोटात सूचनांची पद्धत 1951 पासून चालू आहे. काही बिघडतंय असं दिसलं तर दोरी ओढून लाइन थांबवायची मुभा तिथं साध्या कामगारालाही असते. आपल्याकडे भेल या सरकारी कंपनीच्या हैदराबाद कारखान्यात 1980 मध्ये क्वालिटी सर्कल, म्हणजे कामातल्या अडचणींवर एकत्र बसून उपाय शोधणारा कामगारांचा गट, सुरू झालं. व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, हे तर 1976 च्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेतच आलं आहे (अनुच्छेद 43 अ). शंभर किंवा जास्त कामगार असतील तर मालक आणि कामगार दोघांचे प्रतिनिधी असलेल्या कार्य समितीची तरतूद कायद्यात आहे, पण आपल्याकडच्या कितीतरी छोट्या फौंड्र्यांत तेवढी माणसंच नसतात. तिथं सगळं मालकाच्या इच्छेवर.

म्हणून स्मॅक, गोशिमा आणि कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन या इथल्या कारखानदारांच्या संघटनांना माझी कळकळीची विनंती आहे. आलेल्या प्रत्येक सूचनेला आठ दिवसांत, त्या माणसाला समोर बोलावून, हो किंवा नाही आणि का, एवढं सांगण्याची रीत आपल्या सभासदांकडे पाडावी. लिहिता न येणाऱ्याची सूचना दुसऱ्यानं लिहून घ्यावी. बिहार-ओडिशाकडून आलेल्या मुलांची हिंदीत घ्यावी. सूचना कुणाची, ते नाव नोंदवहीत त्याच दिवशी लागावं, म्हणजे माझ्यासारख्याच्या नावावर ती जाणार नाही.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते, तेव्हा सगळ्या पाळ्या एका जागी जमतात. त्या दिवशी नारळ फोडण्याआधी, वर्षभरात कुणाकुणाच्या सूचना अमलात आल्या ते नावानिशी वाचून दाखवावं. कंत्राटी बायकांची नावंही त्यात असावीत.

आपला नम्र,
एक निवृत्त सुपरवायझर, कोल्हापूर