मांडी भरली की रगडू नका

महोदय,

जत्रांची कुस्ती-मैदाने आणि कबड्डी सुरू झाली की खानापूर-निपाणीकडे पोरांच्या मांडीचा मागचा स्नायू धरतो, आणि लगेच गरम तेलाने रगडणे सुरू होते. पहिले तीन दिवस तरी हे थांबवा. तंतू तुटून आत रक्त साकळलेले असते, रगडल्याने ते वाढते. क्रेप बँडेज बांधा.

दुखणे उतरले की उताणे झोपून, गुडघा किंचित वाकवून टाच जमिनीत दाबा: 5 सेकंद, 10 वेळा. पुढे गुडघ्यांवर उभे राहून, जोडीदाराने घोटे धरून, धड सावकाश पुढे सोडा. 5-5 चे दोन सेट, आठवड्यातून दोनदाच. घाई इथेच होते. नुसते चालता आले म्हणजे मांडी बरी झाली असे नव्हे! पूर्ण वेगात पळून, झटक्यात थांबूनही दुखले नाही, तरच आखाड्यात उतरा.

– एक फिजिओथेरपिस्ट, बेळगाव