ज्यांची सोसायटीच अजून झालेली नाही, त्यांचं काय?

मा. गृहनिर्माणमंत्री,
महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने स्वयंपुनर्विकास करणाऱ्या, म्हणजे बिल्डरशिवाय स्वतःच जुनी इमारत पाडून नवी बांधणाऱ्या सोसायट्यांना जादा एफएसआय (भूखंडावर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण) आणि प्रीमियममध्ये (त्यासाठी भरायच्या सरकारी शुल्कात) सवलत मिळाली. २०२५ च्या गृहनिर्माण धोरणातही या विषयाला जागा मिळाली. बिल्डरची प्रेझेंटेशनं बघून कंटाळलेल्या सभासदांसाठी हे चांगलंच झालं.

पण त्यासाठी मुळात नावावर फ्लॅट हवा. सोसायटी असेल, इमारत जुनी झाली असेल, जमिनीचं कन्व्हेयन्स झालं असेल, म्हणजे ती सोसायटीच्या नावावर झाली असेल, तर सरकार तुमच्याशी बोलतं. मुंबईत दर अकरा महिन्यांनी भाडेकरार नवा करणारी वीस-पंचवीस कुटुंबं एकत्र आली आणि आम्हाला मिळून घर बांधायचंय म्हणाली, तर ती प्रस्तावित संस्थेचा मुख्य प्रवर्तक नेमू शकतात, बँकेत खातं उघडू शकतात. गाडी अडते ती जमिनीपाशी. मोक्याचे सार्वजनिक भूखंड सर्वाधिक बोली लावणाऱ्याकडे जातात आणि शिक्षक, नर्स, निवृत्त कारकून यांचा गट त्या बोलीच्या आसपासही पोहोचत नाही. अधिकारी, न्यायाधीश, आमदार यांच्या सोसायट्यांना मात्र सरकारी जमीन मिळालेली आहे. म्हणजे लिलावाशिवाय जमीन देताच येत नाही, असं नाही.

कल्पनाही आपल्याला नवी नाही. १९१५ साली गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. इमारती संस्थेच्या आणि सभासद तिचे भाडेकरू, अशी ती रचना. सहकाराच्या नियमांत हा वर्ग अजून शाबूत आहे. कितीतरी सोसायट्यांच्या नोंदणी क्रमांकात आजही ‘टीसी’ (टेनंट को-पार्टनरशिप) दिसतं, ते त्याचंच. कागदावर जमीन आणि इमारत संस्थेची असते, पण व्यवहारात फ्लॅट माझा, जिना सगळ्यांचा आणि भाव चढला की विकून मोकळं. स्वयंपुनर्विकासानेही हे बदलत नाही. सभासदांची घरं मोठी करायचा खर्च बाजारात विकायच्या जादा फ्लॅटमधूनच काढायचा असतो, तेव्हा चढा बाजारभाव सोसायटीलाही हवासा वाटू लागतो. बिल्डर जातो, त्याचं गणित राहतं.

दुसरं गणित स्वित्झर्लंडच्या झुरिकमध्ये बघायला मिळतं. शहरातल्या भाड्याच्या घरांपैकी एक तृतीयांश घरं २०५० पर्यंत ना-नफा असावीत, असा कौल तिथल्या मतदारांनी २०११ मध्ये दिला. तिथे महापालिकेच्या जमिनीवर, ट्रामच्या आगाराच्या डोक्यावर, काल्कब्राइटे नावाची सहकारी वसाहत २०१४ मध्ये पूर्ण झाली. जमीन शहराचीच राहिली, संस्थेला ती दीर्घ भाडेपट्ट्याने मिळाली. खाली ट्राम उभ्या राहतात, वर लोक राहतात. काही घरं लहान ठेवून त्यांना मोठी सामायिक बैठक दिली आहे, आणि बऱ्याच रहिवाशांचं स्वयंपाकघरही एकत्र आहे. बेस्टच्या बस आगारांच्या जागेचं काय करायचं, ही आपल्याकडची चर्चा मात्र दर वेळी खासगी विकासकापाशीच जाऊन थांबते.

आता एक अवघड मुद्दा. गट करून राहणं म्हणजे आपल्यातलेच लोक निवडून राहणं, असाही अर्थ या शहरात निघतो. सारस्वत सोसायटीचं नावच ती कुणाची होती हे सांगतं. सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा उपविधी (संस्थेचा अंतर्गत नियम) सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध धरला. मांसाहार करणाऱ्याला घर नाकारणाऱ्या इमारती मुंबईत शोधाव्या लागत नाहीत. सामूहिक घरांचं नाव पुढे करून आणखी अशी कुंपणं उभी राहणार असतील, तर ही योजना आणूच नका. सार्वजनिक जमिनीवर जात, धर्म, आहार यांची कुठलीही अट चालणार नाही, प्रतीक्षायादी खुली असेल आणि ठरावीक घरं त्या यादीतूनच भरली जातील, हे भाडेपट्ट्यातच लिहा. उपविधी सर्वसाधारण सभेत बदलता येतात. पट्ट्याची अट सभासदांना परस्पर बदलता येणार नाही.

म्हाडाचा किंवा बेस्टचा एक भूखंड निवडा (बेस्टसाठी नगरविकास खातं आणि महापालिकेशी बोलावं लागेल, ते तुम्हालाच जमेल). त्याचं भुईभाडं (जमिनीचं भाडं) आधीच जाहीर करा आणि गटांची स्पर्धा बोलीवर न लावता आराखड्यावर लावा: किती घरं, कुणासाठी, सामायिक काय. सोडून जाणाऱ्या सभासदाने भरलेली रक्कम महागाईपुरत्या वाढीसह परत मिळावी, घर संस्थेकडे यावं, खुल्या बाजारात जाऊ नये. फिटनेस सेंटर मर्यादेत एफएसआयबाहेर धरता येतं. तीच सवलत सामायिक स्वयंपाकघराला आणि आजाऱ्याची देखभाल करणाऱ्याच्या खोलीला मिळावी. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना ट्रेडमिलपेक्षा त्यांची गरज जास्त आहे.

आणि हे गट बहुतेकदा जमीन मिळण्याआधीच मोडतात. आर्किटेक्ट, माती परीक्षण, वकील यांचे पैसे पहिल्याच वर्षी लागतात आणि तारण काहीच नसल्याने बँक दारात उभं करत नाही. निवड झालेल्या गटाला हा खर्च सरकारने कर्जाऊ द्यावा. प्रकल्पाचं बांधकाम कर्ज मंजूर झालं की त्यातून तो आधी वळता करून घ्यावा.

आपला नम्र,
मुंबईतला एक भाडेकरू