नॅस्टर्शियमला खत घालू नकोस

प्रिय सुधा,

नॅस्टर्शियमचं, त्या केशरी फुलांच्या झाडाचं, बी आणलंस हे वाचून फार आनंद झाला. पण त्यासाठी भरपूर शेणखत घालून माती तयार करते आहेस हेही वाचलं, आणि लगेच उत्तर लिहायला बसले. ते खत गुलाबाला घाल गं, याला नको! खतातलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, जास्त मिळालं की हे नुसतं पानांनी फोफावतं आणि फुलांचा पत्ता नसतो. हलकी, निचऱ्याची माती आणि भरपूर ऊन एवढ्यावर ते भरभरून फुलतं. झाडांना खाऊपिऊ घालण्याची तुझी हौस मला ठाऊक आहे, पण इथे हात आखडता घे.

बी वाटाण्याएवढं, सुरकुतलेलं आणि टणक असतं. रात्रभर भिजत घाल आणि सकाळी जिथे वाढवायचं तिथेच पेर, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खोल, दोन बियांत वीतभर अंतर ठेवून. वाफ्यात रोपं करून मग हलवायच्या भानगडीत पडू नकोस, मुळं दुखावलेली त्याला सोसत नाहीत. आठ-दहा दिवसांत कोंब वर येतील. फुलांसाठी मात्र दोनेक महिने धीर धर.

तोवर पानं बघत बस. गोल पान, देठ मधोमध, आणि त्यावर पाण्याचा थेंब कमळाच्या पानावरच्यासारखा घरंगळतो. फुलं आली की तिन्हीसांजेला त्यांच्याकडे नक्की बघ. वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसच्या मुलीला, एलिझाबेथला, संधिप्रकाशात ही केशरी फुलं क्षणभर चमकताना दिसली आणि 1762 साली तिचं ते निरीक्षण प्रसिद्धही झालं. पुढे कळलं की ती चमक फुलात नसते, अंधूक उजेडात आपल्याच डोळ्यांना तसं भासतं. निरीक्षण प्रसिद्ध झालं तेव्हा एलिझाबेथ एकोणीस वर्षांची होती! मला तिचं फार कौतुक वाटतं.

पानं, फुलं दोन्ही खाता येतात. चव मोहरीसारखी झणझणीत, कारण कुळाने ते मोहरीच्या जवळचं. हिरव्या कोवळ्या बिया लोक व्हिनेगरमध्ये मुरवतात. म्हणूनच कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, दिसला तर औषध मारू नकोस, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढ.

तुझं बी वेलाचं आहे की बुटक्या जातीचं, ते लिहिलं नाहीस. वेल असेल तर बारीक काड्या किंवा दोऱ्या लाव. तो पानांच्या देठांनीच वेढे घालून चढतो, जाड खांब त्याला धरता येत नाही. पाकिटावर बघून कळव.

तुझीच,
मीना