विक्रमी खरेदी झाली, बचावाचे काय?

इंग्लंडमधील फुटबॉल क्लब लिव्हरपूलने २०२५ च्या उन्हाळ्यात न्यूकॅसलच्या अलेक्झांडर इसाकसाठी साडेबारा कोटी पौंड मोजले, त्याचे कौतुक करणारा लेख (क्रीडा पान) वाचला. इसाक अव्वल आघाडीपटू आहे, वाद नाही. पण गोल करण्याची अडचण या संघाला नव्हतीच.

हंगामातले पहिले दोन सामने आठवा. बोर्नमथविरुद्ध २-० आघाडी घेतली आणि ती गमावली. न्यूकॅसलविरुद्ध तर समोर दहाच खेळाडू उरले होते, तरी २-० चे २-२ झाले. परभणीत आम्ही चौघे मित्र तो सामना एकाच मोबाइलवर पाहत होतो. रात्री अडीचच्या सुमारास, भरपाई वेळेच्या दहाव्या मिनिटाला सोळा वर्षांच्या रिओ एन्गुमोहाने विजयी गोल केला तेव्हा शेजारचे जागे झाले. असा पोरगा दरवेळी धावून येणार का?

बचावाचा आधार असलेला कर्णधार व्हॅन डाइक तेव्हा ३४ वर्षांचा होता. तेव्हा क्रिस्टल पॅलेसमध्ये असलेला बचावपटू मार्क गेही याचा व्यवहार खेळाडू खरेदीच्या मुदतीच्या अखेरच्या दिवशी फिसकटला आणि बचावात १८ वर्षांच्या लिओनीशिवाय नवा मध्यरक्षक आलाच नाही. बचावपटू फ्रिम्पाँग जायबंदी होताच सोबोस्लाई या मधल्या फळीतल्या खेळाडूला उजव्या बगलेत बचावाला उभे करावे लागले. त्याने आर्सेनलविरुद्ध फ्री किकवर सामना जिंकून दिला, हे खरे. पण मग मधल्या फळीतली त्याची धाव आपण गमावतो, त्याचा हिशेब लेखात कुठेच नाही. गेहीसाठी उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच बोलणी संपवायला हवी होती.

– एक लिव्हरपूलप्रेमी, परभणी