नाटकाच्या वेशभूषेसाठी जुनं सामान: रविवारची आठवण

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता तालमीच्या हॉलवर पौराणिक नाटकाची वेशभूषा करायला बसायचं आहे. यंदा नवं कापड आणायचं नाही, हे ठरलेलंच आहे. आपल्या वेशभूषाकार ताई मुकुट, चिलखतं, अंगरखे सगळं घरातल्या टाकाऊ वस्तूंतूनच उभं करणार आहेत.

सर्वात जास्त गरज सायकलच्या फाटक्या ट्यूबची आहे. ट्यूब उभी चिरून साबणाने धुतली, तिचे खवले कापून एकावर एक शिवले की चिलखत होतं आणि नटाला वाकता-बसताही येतं. पुठ्ठ्याच्या चिलखतात ते जमत नाही. विरलेल्या सुती साड्या अस्तराला हव्यात, कारण दिव्यांखाली घाम फार येतो. साडी विरली तरी जरीचे काठ बहुधा धड असतात, ते जरूर द्या. फ्लेक्सचे बॅनर मात्र नकोत. त्यात हवा खेळत नाही आणि प्रकाशात ते चकाकतात.

कपडे धुऊन, वाळवूनच आणा. आजीची साडी कापू द्यायला मन होत नसेल तर तसं सांगा. ती नुसती नेसवू आणि प्रयोगानंतर परत देऊ. दाभण आणि धारदार कात्री ज्यांच्याकडे आहे त्यांनी नक्की आणावी.