लॉन सगळं उकरून टाकायची घाई करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरामागचं लॉन तणांनी भरलं की जो तो एकच सल्ला देतो, सगळं खणून काढा आणि नवीन लॉनचे तयार गालिचे आणून अंथरा. नवखा माणूस खर्चाचा आकडा ऐकूनच गार होतो आणि मग तिथे रान माजतं, हे बघून फार वाईट वाटतं म्हणून हे पत्र. तणाखाली बऱ्याचदा चांगलं गवत जिवंत असतंच हो, त्याला फक्त मोकळी जागा आणि उजेड हवा असतो.

खणण्यात उलट तोटाच जास्त. तणाचं जुनं बी मातीत वर्षानुवर्षं पडून असतं, माती वरखाली केली की ते वर येतं आणि पाणी मिळालं की सगळं एकदम उगवतं. आणि लव्हाळा असेल तर विचारूच नका! दिसायला अगदी गवतासारखा, पण त्याचा दांडा बोटांत फिरवून बघा, तीन कोपरे लागतात. खाली जमिनीत काळपट कडक गाठी, एकीला दुसरी दोऱ्यासारख्या मुळीने जोडलेली, त्यामुळे वरून ओढलं की पात हातात येते आणि गाठ खालीच राहते, माती उकरायचं मशीन फिरवलं तर त्याच गाठी सगळीकडे पसरतात. माती ओली असताना खुरप्याने गाठीसकट काढायचा, परत फुटला की कोवळा असतानाच परत काढायचा, म्हणजे गाठीतला साठा संपत जातो. चिकाटी लागते पण पैसे लागत नाहीत. गाजरगवत मात्र फुलायच्या आत उपटा आणि हातमोजे घालूनच, अंगाला खाज सुटते त्याने.

तणनाशक घेणाऱ्यांनी आधी लेबल वाचावं, त्यात ग्लायफोसेट हे रसायन असेल तर तणाबरोबर लॉनही मरतं.

दुसरं म्हणजे कापणी. लोक गवत पार बुडापासून कापतात, म्हणजे पुढचे बरेच दिवस बघायला नको, पण तिथेच तणाला आयतं रान मोकळं मिळतं. एका वेळी उंचीच्या 1/3 पेक्षा जास्त कापू नका, गवत जरा उंच राहिलं तर त्याच्या सावलीत तणाचं बी सहसा वर येत नाही. कापलेलं बारीक गवत तिथेच पडू द्या, तेच खत. पाणी रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी भरपूर द्या, मुळं खोल जातात.

माती दगडासारखी झाली असेल तर बागेच्या काट्याने (माती टोचायचं दातेरी अवजार) 8-10 सेंमी खोल भोकं पाडून वर चाळलेल्या कंपोस्टचा पातळ थर द्या, 1 सेंमीच्या आतच. हरळीसारखं पसरणारं गवत असेल तर कडेला धावलेल्या कांड्या तोडून रिकाम्या जागी 10-15 सेंमीवर लावा, विकत काही आणावं लागत नाही. दाट झाडाखाली मात्र लॉनचा हट्ट सोडाच.

आपल्या बागेच्या पानाला एक मनापासून विनंती आहे, तयार बागांचे सुंदर फोटो येतात ते छानच, पण नेहमीच्या तणांचे फोटोही छापा, तेही कोवळ्या रोपांचे, कारण त्या वयात गवत कुठलं आणि तण कुठलं हेच नवख्या माणसाला कळत नाही.

– आपला एक बागप्रेमी वाचक