परतीची गाडी आधी ठरवा, अवशेष मग पाहा

संपादक महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की घराघरांत हंपीची चर्चा सुरू होते. पण गोव्याहून रेल्वेने होस्पेटला पोचण्यातच अर्धा दिवस जातो, त्यामुळे हंपी एका दिवसात आटोपत नाही. सकाळी गाडीने निघावे, वाटाड्या न घेता पायी फिरावे आणि रात्री घरच्या जेवणाला परतावे, असे भग्नावशेष आपल्याच राज्यात आहेत. एक जुने गोवे, करमळी स्टेशनवर उतरून. दुसरे चांदर, जिथे स्टेशन गावातच आहे. दोन्हींचा बेत कसा आखावा, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

पहिली गोष्ट म्हणजे बेत परतीच्या गाडीपासून उलटा आखावा. सकाळच्या गाडीची सगळे चौकशी करतात, संध्याकाळची मात्र ‘मिळेल एखादी’ म्हणून सोडून देतात आणि तिथेच फसतात. कोकण रेल्वेचा गोव्यातला मार्ग एकेरी आहे. समोरून एक्स्प्रेस येत असेल तर पॅसेंजरला क्रॉसिंगसाठी बाजूच्या लाईनवर थांबवतात, आणि मागची गाडी उशिरा धावत असेल तर तिला पुढे काढेपर्यंत आणखी थांबवतात. म्हणून वेळापत्रकातल्या वेळेवर भरवसा न ठेवता निघण्यापूर्वी रेल्वेच्या एनटीईएस अ‍ॅपवर गाडी प्रत्यक्षात कुठे आहे ते पाहावे. शिवाय पावसाळ्याचे वेळापत्रक वेगळे असते. ते पूर्वी 10 जून ते 31 ऑक्टोबर असे, 2025मध्ये 15 जून ते 20 ऑक्टोबर होते. मे महिन्यात मोबाईलवर काढून ठेवलेला वेळापत्रकाचा फोटो जुलैत उपयोगाचा नाही.

तिकिटाच्या दोन चुका नेहमीच्या. पॅसेंजरचे साधे तिकीट एक्स्प्रेसमध्ये चालत नाही. ‘तीच लाईन, तेच स्टेशन’ हा युक्तिवाद टीसीपुढे टिकत नाही, दंड होतो. दुसरे, जवळच्या अंतराचे जनरल तिकीट काढल्यापासून तीन तासांत किंवा त्यानंतरच्या पहिल्या गाडीने प्रवास सुरू करावा लागतो. तेव्हा संध्याकाळचे एकेरी तिकीट सकाळीच काढून खिशात ठेवण्यात अर्थ नाही. मोबाईलवरचे पेपरलेस तिकीट स्टेशनच्या आवारात, रुळांच्या अगदी जवळ उभे राहिल्यावर निघत नाही. ते वाटेतच काढावे, नाहीतर स्टेशनवर लावलेला क्यूआर कोड स्कॅन करावा.

दिवस निवडतानाही थोडे पाहावे. शुक्रवारी जुने गोवे येथील पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय बंद असते. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा (सामूहिक प्रार्थना) चालतात, त्या वेळी आत हिंडणे बरे नव्हे. 3 डिसेंबरला सायबाचे, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त आणि त्याआधी नऊ दिवस नोव्हेनाच्या प्रार्थना. त्या काळात भाविकांनी जावे, अवशेष पाहणाऱ्यांनी टाळावे.

करमळी स्टेशनपासून जुने गोवे अडीच-तीन किलोमीटर. स्टेशनच्या दारात बस मिळेल असे धरून चालू नये. रिक्षा किंवा पायलट (मोटारसायकल टॅक्सी) मिळाला तर भाडे आधी ठरवावे आणि त्याला चर्चच्या चौकात न थांबवता थेट सेंट ऑगस्टीनच्या टेकडीवर न्यायला सांगावे. सगळी गंमत इथे आहे. बहुतेक जण बॉम जीझस बासिलिकेपासून सुरुवात करतात, तिथल्या गर्दीत दोन तास घालवतात आणि डोक्यावर ऊन आल्यावर टेकडी चढतात. टेकडीवर सावली जवळजवळ नाही आणि चिरा (जांभा दगड) तापला की भिंतीशेजारी उभे राहवत नाही. उलट क्रम घेतला तर सकाळी टेकडी, भर दुपारी चर्चचा गारवा, आणि शेवटचे ठिकाण स्टेशनच्या बाजूला येते.

सेंट ऑगस्टीनला सव्वा ते दीड तास द्यावा. 1602मध्ये पूर्ण झालेल्या या चर्चचा मनोरा मुळात 46 मीटर उंच. 1834मध्ये धर्मसंघांवर बंदी आली, 1835मध्ये मठ ओस पडला, 1842मध्ये चर्चचे छत कोसळले आणि 1931मध्ये दर्शनी भाग व अर्धा मनोरा खाली आला. आज उभा आहे तो उभा चिरलेला मनोरा. त्यामुळे एरवी दिसत नाही ते इथे दिसते: भिंत आतून किती जाड होती, एकावर एक चिरे कसे रचले, मधल्या कमानींनी मजल्यांचा भार कसा पेलला. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागून कठीण होतो, पण सच्छिद्रच राहतो. त्यावरचा चुन्याचा गिलावा ही त्याची छत्री होती. छत आणि गिलावा गेल्यावर प्रत्येक पावसाळ्याचे पाणी भिंतीत मुरत राहिले. जवळ जाऊन चिऱ्याची कड पाहिली तर मधमाशीच्या पोळ्यासारखी भोके दिसतात. मनोऱ्यातली मोठी घंटा आधी आग्वाद किल्ल्यावर गेली आणि 1871पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. पणजीत ती ऐकणाऱ्या किती जणांना तिचे मूळ घर ठाऊक असेल?

इथे नजर खालीही ठेवावी. जमिनीत काळ्या दगडाच्या कबरीच्या शिळा आहेत, त्यांवर पोर्तुगीज मजकूर आणि घराण्यांची चिन्हे कोरलेली आहेत. अक्षरे पुसट असल्याने डोक्यावरच्या उन्हात ती सपाट दिसतात. सकाळचे तिरपे ऊन असले की वाचता येतात, हेही टेकडी आधी करण्याचे कारण. त्यांवर पाय देऊ नये. मठाच्या सभागृहाच्या जागी उत्खननात मिळालेले अस्थींचे अवशेष जॉर्जियाच्या राणी केतेवनचे असल्याचा निर्वाळा हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतील डीएनए तपासणीने 2013मध्ये दिला. 1624मध्ये शिराझला मारल्या गेलेल्या राणीच्या अस्थी ऑगस्टिनियन पाद्रींनी गोव्यात आणल्या होत्या. 2021मध्ये भारताने त्यांतील एक भाग जॉर्जियाला दिला. पावसाळ्यात या फरशीवर शेवाळ धरते, गुळगुळीत तळाच्या चपला घालून आलेला हमखास आपटतो.

तिथून त्याच टेकडीवर पश्चिमेला रोझरी चर्च. वीस मिनिटे, त्यातली दहा मांडवी नदी आणि दिवाडी बेट पाहण्यात. मग खाली उतरून बासिलिका आणि से कॅथेड्रल. खांदे व गुडघे झाकणारे कपडे हवेत. जेवण चौकाच्या आसपास मिळते, पाणी मात्र माणशी दोन लिटर बरोबर असावे.

दुपारनंतर सेंट कायेतानकडे वळावे. तिथे आदिलशाही वाड्याचा दरवाजा उभा आहे: काही पायऱ्या, काळ्या दगडाचे दोन खांब, वर आडवी तुळई. ना भिंत, ना छत. अनेकजण बागेतली कमान समजून पुढे जातात. याच वाड्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय 1695पर्यंत राहिले आणि 1820मध्ये तो पाडला गेला. पुढे नदीकडे व्हाइसरॉयची कमान, सोळाव्या शतकाच्या अखेरची, 1954मध्ये पुन्हा बांधलेली. ती नदीच्या बाजूने पाहावी, कारण येणारा नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरून तिथूनच शहरात शिरत असे. शेवटी जुन्या फोंडा रस्त्यालगत सेंट पॉल कॉलेजचा एकाकी दरवाजा. भारतातला पहिला छापखाना 1556मध्ये याच कॉलेजात सुरू झाला. उरली आहे ती फक्त कमान, दहा मिनिटे पुरतात.

गाडीच्या वेळेआधी सव्वा तास इथून निघावे. गाडी चुकलीच तर हायवेवर येऊन पणजीची बस पकडावी. पणजी बसस्टँड नऊ-दहा किलोमीटरवर आहे, तिथून मडगाव-म्हापशाच्या बसेस आहेत.

चांदरबद्दल थोडक्यात. खऱ्या अर्थाने ‘प्राचीन’ म्हणावे असे हेच. भोज राजघराण्याच्या शिरोडा ताम्रपटात येणारे चंद्रपूर ते हे, आणि अकराव्या शतकात गोपकपट्टणला (आजचे गोवा वेल्हा) जाईपर्यंत कदंबांची राजधानीही इथेच होती. कुशावती नदीकाठच्या कोट या वस्तीत इतिहास संशोधक फादर हेरास यांनी 1929मध्ये उत्खनन केले. देवळाचा विटांचा पाया आणि शीर नसलेला नंदी, एवढेच पाहायला आहे. भव्य काही शोधत येणारा निराश होतो, म्हणून लहान मुलांना घेऊन आधी जुने गोवे करावे. वास्को-कुळे मार्गावर चांदरला थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच, तेव्हा जाताना रेल्वे आणि येताना मडगावची बस हा बेत सोयीचा. वस्तीचे नाव ‘कोट’ म्हणूनच विचारावे. ‘रुइन्स कुठे’ विचारलेत तर लोक तुम्हाला ब्रागांझा घराण्याच्या जुन्या हवेलीकडे पाठवतील.

संबंधितांकडे मागणी एकच. करमळी आणि चांदर स्टेशनच्या बाहेर मराठी, कोकणी आणि इंग्रजीत एकेक फलक लावावा: पायी वाटेचा नकाशा, प्रत्येक अवशेषाचे अंतर आणि संध्याकाळच्या शेवटच्या थांबणाऱ्या गाडीची वेळ. ही वेळ खडूने लिहिता येईल अशी जागा फलकावर ठेवावी, म्हणजे पावसाळी वेळापत्रक लागल्यावर नवा फलक करावा लागणार नाही.

– एक वाचक, थिवी